एक्याण्णव नंबरचा शर्ट

गल्लीच्या तोंडाशी लाँड्री चालवणाऱ्या गुणाकारकाकू कपड्याला नाक लावतात आणि तो कुणाचा ते बिनचूक सांगतात, अशी बोलवा आहे. कुणाचा एवढ्यावर भागत नाही. तो घालून माणूस कुठे जाऊन आला, कुणाच्या शेजारी बसला आणि निघताना बायकोला काय थाप मारली होती, हेही म्हणे त्यांना कळतं. म्हणून आमच्याकडचे बरेच पुरुष शर्ट लाँड्रीत टाकण्याआधी गच्चीवर वाऱ्याला टांगून ठेवतात. एकाने त्यासाठी कपाटातल्या डांबरगोळ्या खिशात भरल्या, तेव्हा त्याच्या बायकोने त्याच्याकडे ज्या संशयाने पाहिलं, तसं काकूंनीही पाहिलं नसतं.

ह्यात तथ्य शून्य आहे. काकूंना वास येतच नाही. साबणाची वाफ, सोडा आणि ब्लीचचा भपकारा खाऊन खाऊन त्यांचं नाक केव्हाच कामातून गेलंय. चुलीवर दूध करपलं तरी शेजारच्यांनी हाक मारावी लागते. कपडा कुणाचा ते त्या आकड्यावरून ओळखतात. आकडा फोडून.

त्याचं असं आहे. पूर्वी इतर लाँड्र्यांसारखीच काकूही कपड्याच्या कॉलरमागे शाईची खूण करायच्या. पण गिऱ्हाइकांना ती खुपायला लागली. कुणी म्हणे मान खाजते, कुणी म्हणे तुरुंगातून आल्यासारखं वाटतं. तेव्हा काकू आणि काका दोघांनी बसून डोकं चालवलं आणि प्रत्येक घराला एक आकडा दिला. आकडा असा, की एकने आणि स्वतःने सोडून दुसऱ्या कशानेही त्याला भाग जाता कामा नये. म्हणजे मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, अशी गल्ली नांदायला लागली. मशीन मोठं आणि घरं लहान, त्यामुळे दोन-तीन घरांचे कपडे एकाच पिशवीत एकत्र धुवायला जातात. पुढच्या काउंटरवर काका कपडे घेतात, त्या घरांच्या आकड्यांचा पाटीवर गुणाकार करतात आणि येणारा एकच आकडा पत्र्याच्या बिल्ल्यावर खडूने लिहून पिशवीला अडकवतात. मागच्या खोलीत काकू धुतलेली पिशवी उपसतात, बिल्ला बघतात आणि तो आकडा फोडून पुन्हा घरं वेगळी काढतात.

समजा बिल्ल्यावर एकशे बत्तीस आहे. काकू तोंडातल्या तोंडात पुटपुटतात: निम्मे सहासष्ट, निम्मे तेहतीस, तीन आणि अकरा. म्हणजे दोन दोनदा, तीन एकदा, अकरा एकदा. दोन हा केशकर्तनालयाचा आकडा. त्यांचे टॉवेल रोज येतात, म्हणून काकांनी मुद्दाम त्यांना सगळ्यांत लहान दिला, नाहीतर गुणाकार पाटीबाहेर गेला असता. दोन दोनदा म्हणजे त्यांच्या दोन खेपा. बिल्ल्यात कुठेही वर्ग लपलेला दिसला, चार, नऊ, पंचवीस, की समजायचं, त्या घराने दोनदा कपडे टाकलेत. तीन म्हणजे बँकेतले साहेब आणि अकरा म्हणजे चपलांचं दुकान. एवढं कळलं की पुढचं काम डोळ्यांचं. अख्ख्या गल्लीतून शर्ट ओळखणं कुणाच्या बापाला जमणार नाही, पण तीन घरांतून ओळखायला काय लागतं? साहेबांची कॉलर पोटासारखीच पुढे आलेली असते, चपलेवाल्यांच्या बाहीला डिंक असतो, आणि टॉवेल हा टॉवेल असतो.

बँकेतले साहेब आधी अडून बसले होते की त्यांना एक नंबरच हवा. साहेबांचं बोलणं म्हणजे प्रत्येक शब्दावर शिक्का. "मी. ह्या गल्लीत. सगळ्यांत आधी. राहायला आलो." काकूंनी आतूनच सांगितलं होतं, "साहेब, एकने गुणलं काय आणि न गुणलं काय. पिशवीत तुमचे कपडे असून नसल्यासारखे. हरवले तर मला सांगायला येऊ नका." साहेब फणफणत तीनवर आले.

काकूंचा माणसांवर भरवसा नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. साबणवाला वजनात मारतो, नळवाला मुद्दाम वॉशर सैल ठेवतो, ऊन पूर्वीसारखं पडत नाही आणि त्यामागेही कुणीतरी आहे, असं त्यांचं ठाम मत. कुणी हसून बोललं तर ह्याला काय हवंय, आणि न हसता बोललं तर ह्याने काय केलंय. भरवसा फक्त आकड्यांवर. आकडा कुणाच्या तोंडाकडे बघून बदलत नाही, असं त्या इस्त्री टेकवून सांगतात.

काकांवरही त्यांचा भरवसा बेताचाच. काका हा अर्ध्या वाक्याचा माणूस. "ते तुमचं... हां... म्हणजे उद्या..." एवढ्यावर गिऱ्हाइकाने समजून घ्यायचं. त्या सुमारास दोघांचा अबोला चालू होता. काकूंच्या भावाच्या शर्टावर काकांनी इस्त्री जरा जास्त वेळ विसावू दिली होती, त्यावरून. पण अबोला आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण एरवीही त्यांचा संसार बिल्ल्यांवरच चालायचा. ते गुणायचे, ह्या फोडायच्या.

त्याच अबोल्याच्या दिवसांत चौकात चष्म्याचं नवं दुकान आलं आणि चष्मेवाले कुटुंब गल्लीत राहायला आलं. चष्मेवाले, चष्मेवहिनी आणि एक मुलगी. चष्मेवहिनींनी पहिल्यांदा आजमावून बघायला थोडेसेच कपडे आणून टाकले: दोन चादरी, काही टॉवेल आणि नवऱ्याचा झोपायचा शर्ट. निळ्या उभ्या पट्ट्यांचा, आणि गळ्याशी एक लाल बटण, कारण निळं मिळालं नव्हतं. काकांनी त्यांना आकडा द्यायला घेतला. एकोणनव्वदपर्यंत वाटून झाले होते. नव्वद सम. मग एक्याण्णव. सम नाही. शेवटी पाच नाही. आकड्यांची बेरीज दहा, म्हणजे तीनने भाग नाही. अकराच्या पाढ्यात नाही. सातच्या पाढ्यात? काका मनात म्हणत गेले आणि सात दाहे सत्तरला पोचून थांबले. काकांचा सातचा पाढा सत्तरला संपतो. शाळेत तिथेच संपला होता. त्यापुढे सात कुठे जात असतील ह्याचा त्यांनी कधी विचार केलेला नव्हता. त्यांनी चष्मेवाल्यांना एक्याण्णव देऊन टाकला, त्या दिवशी जोडीला दुसरं घर नव्हतं म्हणून तेवढीच पिशवी आत धाडली, आणि अबोला असल्यामुळे आत कुणाला सांगितलं नाही.

मागच्या खोलीत काकूंच्या हातात पिशवी आली. बिल्ल्यावर एक्याण्णव.

काकूंना तेराचा पाढा झोपेतही येतो. तेरा साती एक्याण्णव. म्हणजे सात नंबर आणि तेरा नंबर. त्यांनी पिशवी टेबलावर पालथी केली आणि निळ्या पट्ट्यांचा शर्ट वर आला.

सात नंबर म्हणजे गायनबाई. जिन्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात, गल्लीतल्या मुलींना गाणं शिकवतात, आणि त्यावरच त्यांचं सगळं चालतं. तेरा नंबर म्हणजे त्यांच्या समोरच्या दोघी म्हाताऱ्या बहिणी. दार साखळीवर ठेवून बोलणाऱ्या, पोस्टमनकडून पत्रसुद्धा फटीतून घेणाऱ्या. म्हणजे दोन्ही घरांत पुरुष नाही. आणि टेबलावर शर्ट तर पुरुषाचाच. तोही झोपायचा.

काकूंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी शर्ट उलटा केला, सुलटा केला, लाल बटणावरून अंगठा फिरवला. बटण बाईने लावलेलं होतं. पुरुष एवढे टाके घालत नाही. बहिणींच्या घरी असा शर्ट जायचा म्हणजे त्यांतली एक जागेवरच गेली असती. मग उरलं कोण? काकूंनी चादरी आणि टॉवेल बहिणींच्या गठ्ठ्यात घातले, आणि शर्ट छान घडी करून, बटण दिसणार नाही असा आत दुमडून, गायनबाईंच्या गठ्ठ्यात तळाशी ठेवला. आपण किती समजूतदार आहोत ह्याचं त्यांना त्या वेळी फार कौतुक वाटलं.

गायनबाई दुसऱ्याच दिवशी शर्ट घेऊन आल्या. त्यांचा आवाज हळू बोलतानाही वरच्या पट्टीत असतो. हा आपला नाही, कुणाचा तरी चुकून आलाय, असं त्या म्हणाल्या. काकू हसल्या. त्यांचं हसणं म्हणजे ओठ बंद आणि भुवया वर. आकडा सांगतो तो तुमचाच आहे, पण असू दे, आपण काही कुणाला विचारत नाही, असं म्हणून त्यांनी शर्ट परत गायनबाईंच्या हातात दिला. गायनबाईंना काही उमगेना. पुढच्या खेपेला त्यांनी तो आणखी एकदा आणला. काकूंनी हसून पुन्हा गठ्ठ्यात घातला, वर म्हणाल्या की दोन-दोनदा धुतला तर विटेल. तिसऱ्यांदा आणला तेव्हा काकूंनी काहीच न बोलता नुसतं हसून दार पुढे केलं.

बोलल्या त्या दुसऱ्याच कुणाजवळ. बँकेतल्या साहेबांच्या बायको पडदे द्यायला आल्या होत्या. काकूंनी इकडे तिकडे बघितलं, मशीनच्या आवाजाआड आवाज लपवला आणि सांगितलं की त्या काही कुणाचं नाव घेत नाहीत, पण सात नंबरच्या घरात हल्ली कुठेतरी पाणी मुरतंय. नाव घेतलं नाही हे खरं. पण गल्लीत सात कोण ते शेंबड्या पोरालाही पाठ होतं. संध्याकाळपर्यंत ते तीनवरून पाचवर, पाचवरून सतरावर, आणि तिथून पुढे सगळ्या मूळ संख्यांवर पसरलं.

गायनबाई बिचाऱ्या सरळ होत्या. आपल्या घरी परक्याचा शर्ट पडून राहिलाय ह्याचंच त्यांना ओझं झालं. ज्याचा असेल त्याला दिसावा म्हणून त्यांनी तो दाराबाहेरच्या खिळ्याला, हँगरला लावून, नीट टांगून ठेवला. आणि चष्मेवहिनी मुलीचं गाण्याच्या क्लासात नाव घालायला नेमक्या तोच जिना चढल्या.

आधी त्यांना नुसता शर्ट दिसला. मग निळ्या पट्ट्या. मग लाल बटण, स्वतःच्या हाताने लावलेलं. लाँड्रीतून कपडे आणायला त्या रोज नवऱ्याला धाडत होत्या, आणि तो रोज रिकाम्या हाताने येऊन काका उद्या म्हणाले असं सांगत होता.

चष्मेवहिनींना बोलायची एक लकब आहे. "मी काही म्हणत नाही" असं म्हणून त्या सगळं म्हणतात. तिथे जिन्यात त्यांनी एवढंच विचारलं की हा शर्ट इथे कसा. गायनबाई मोकळेपणाने म्हणाल्या, की तोच तर कळत नाहीये, कितीदा परत केला तरी माझ्याकडेच येतो. ह्यापेक्षा वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं. चष्मेवहिनींनी मुलीचा हात धरला आणि त्या उतरल्या. खाली साहेबांच्या बायको भेटल्या. "मी काही म्हणत नाही हो," चष्मेवहिनी म्हणाल्या, आणि पुढे बराच वेळ म्हणत राहिल्या.

तिथून क्लास रिकामा व्हायला लागला. एकीला अचानक घशाचं निघालं, एकीचा अभ्यास वाढला, एकीच्या आईला शोध लागला की मुलीला मुळात गळाच नाही. जिन्यावर पूर्वी चपलांचा ढीग असायचा. आता चार-दोन जोड दिसायचे आणि त्याही मुली सूर लावताना दाराकडे बघायच्या. गायनबाईंनी ह्या खोल्या सोडून दुसरीकडे जायचं मनात घेतलंय, असं दूधवाला सांगायला लागला. काकूंनी ते ऐकलं आणि मान हलवली. मनात काही नसतं तर माणूस पळतं कशाला, असा त्यांचा हिशेब.

इकडे चष्मेवाल्यांच्या घरी वेगळंच. त्यांना आपण काय केलंय तेच कळेना. समोरच्याचा एक डोळा झाकून "आता दिसतंय का?" विचारणारा तो माणूस, बायकोलाही त्याच सुरात विचारत राहिला, आणि बायको म्हणाली की आता स्वच्छ दिसतंय. ह्यापुढे तुमचे कपडे तुम्हीच बघा, असंही म्हणाली. तेव्हा चष्मेवाले स्वतः आपले शर्ट आणि विजारी काखोटीला मारून लाँड्रीत आले. काकांनी घेतले. त्याच दिवशी गायनबाईंचा लहानसा गठ्ठाही आलेला होता. दोन्ही थोडेच, म्हणून काकांनी एकाच पिशवीत घातले. सात गुणिले एक्याण्णव. पाटीवर गुणून बिल्ल्यावर लिहिलं: सहाशे सदतीस.

काकूंनी तो बिल्ला हातात घेतला. निम्मे होत नाही. तीनने नाही, पाचने नाही. सातने? सात नव्वे त्रेसष्ट, सहाशे तीस गेले, उरले सात. बरोब्बर एक्याण्णव. आणि एक्याण्णव म्हणजे पुन्हा सात, आणि तेरा. सात, सात, तेरा.

सातचा वर्ग. म्हणजे गायनबाईंच्या दोन खेपा. पिशवी उपसली तर एकीकडे बाईचे चार कपडे आणि दुसरीकडे पुरुषाचा ढीग. विजारीसुद्धा. काकूंच्या भुवया पार केसांत गेल्या. आता तर लाजच सोडली म्हणायची, असं त्या मशीनलाच म्हणाल्या. एक खेप स्वतःची, दुसरी त्याची.

आणि मग त्यांचं बोट तेरावर अडलं.

तेरा नंबरच्या बहिणी गावाला गेल्या होत्या. भाचीकडे. किल्ली काकूंपाशीच ठेवून गेल्या होत्या, आणि ती देतानाही तीनदा परत मागून घेतली होती. त्यांच्या घराला कुलूप होतं. कुलूपबंद घरातून तेरा येईल कसा?

काकू स्टुलावर बसल्या. माणूस खोटं बोलतो हे त्यांना मान्य होतं. पण आकडा? सहाशे सदतीस कसाही फोडला तरी त्यातून सात, सात आणि तेराच निघत होते. दुसऱ्या कुठल्याही वाटेने तो फुटतच नाही. मूळ संख्यांचं तेच तर इमान आहे. तेरा खोटा असेल, तर त्याच्या जोडीला निघालेला सातही खोटा. आणि तो सात खोटा असेल, तर मग मागचा, शर्टाच्या पिशवीतला सातही...

त्या उठल्या, मधला पडदा बाजूला केला आणि काउंटरपाशी गेल्या. मी तेव्हा आमच्या घरचे पडदे घेऊन काउंटरला टेकलेले होते, म्हणून पुढचं माझ्यासमोरच झालं. काकूंनी बिल्ला काकांच्या पुढ्यात ठेवला. कित्येक दिवसांनी त्या नवऱ्याशी बोलल्या.

"हे कोण?"

काका दचकले. "ते... सात. गायनबाई. आणि... हां... एक्याण्णव."

"एक्याण्णव कोण?"

"चष्मेवाले. नवीन नाही का आले ते..."

"एक्याण्णव हा नंबर दिलात तुम्ही? माणसाला?"

"का? सातच्या पाढ्यात तर..." काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, सत्तरपाशी आले आणि थांबले. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग हळूहळू म्हणाल्या, "पुढे. सत्तरच्या पुढे." काका पुढे गेले. सत्त्याहत्तर. चौऱ्याऐंशी. आणि पुढचा आकडा तोंडातून बाहेर पडायच्या आधीच त्यांचा चेहरा पडला.

काकू काही ओरडल्या नाहीत. त्यांनी काउंटरवरचे माझे पडदे उगाच एकदा घडी केले, मोडले, पुन्हा घडी केले. आता ह्याचं काय करायचं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, करायचं काय, सांगायचं. म्हटलं, काकू, तुम्ही काकांवर ढकलणार. गल्लीत काचेचा पेला फुटला तरी तुम्ही तो काकांच्याच हातून फोडता. इथे तर खरोखर त्यांचीच चूक आहे, मग काय विचारता. पैज लावते.

"लाव," काकू म्हणाल्या. "हरलीस तर काय देशील?"

मी म्हटलं, तुम्ही म्हणाल ते. तुम्ही हरलात तर आमचे पडदे फुकट. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की पैजेमागे माझा काहीतरी डाव असणार हे त्यांना नक्की वाटलं असावं. पण पैज लागली.

संध्याकाळी लाँड्रीत गर्दी असते. साहेबांच्या बायको होत्या, पाच नंबर होत्या, सतरा नंबर होत्या. चष्मेवहिनींना काकूंनी मुद्दाम निरोप धाडला होता. त्या हाताची घडी घालून उंबऱ्यावर उभ्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या. गायनबाई आपला गठ्ठा न्यायला आलेल्या होत्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना, एवढ्या गर्दीतही, रिकामी जागा होती.

काकूंनी इस्त्रीच्या टेबलावर कपड्यांचे लाकडी चिमटे ओतले. म्हणाल्या, हे एक्याण्णव आहेत, मोजून घ्या. चष्मेवहिनींनी मोजले. मग साहेबांच्या बायकोंनी मोजले, कारण त्यांना चष्मेवहिनींचा भरवसा नव्हता. मग काकू म्हणाल्या, ह्यांच्या सारख्या ओळी लावा, एकही उरता कामा नये.

बायकांना वाटलं, ही काहीतरी बनवाबनवी आहे. पण चिमटे समोर आले की हात आपोआप चालतात. दोन ओळी लावल्या, एक उरला. तीन लावल्या, एक उरला. चारला तीन उरले. पाचला पुन्हा एकच. सहाला पुन्हा एकच. "हा मेला एक काही सुटत नाही," पाच नंबर म्हणाल्या. साहेबांच्या बायकोंनी तो उरलेला चिमटा उचलून संशयाने बघितला, जणू काकूंनीच तो वरून टाकला होता.

"आता सात लावा," काकू म्हणाल्या.

चष्मेवहिनी केव्हाच उंबऱ्यावरून आत आल्या होत्या. त्यांनीच ओळी लावल्या. सात ओळी. एकेक ओळ सारखी. हातात काही उरलं नाही. त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं, काकूंच्या बाह्यांकडे बघितलं, आणि मग एका ओळीतले चिमटे मोजले. तेरा.

काकूंनी तिथेच सगळं सांगितलं: चष्मेवाल्यांचा आकडा एक्याण्णव, तो फुटून सात आणि तेरा झाला, आणि शर्ट मूळचा चष्म्याच्या घरचा असून सातच्या गठ्ठ्यात गेला, चादरी-टॉवेल तेराच्या. गायनबाईंच्या घरी चष्मेवाले कधी गेले नाहीत. गेला तो शर्ट, आणि तोही ह्या टेबलावरून.

साहेबांच्या बायको म्हणाल्या, म्हणजे चूक काकांची. पुढे उभे असलेले काका मान खाली घालून पाटी पुसत होते, पाटी आधीच कोरी होती. मी पडद्यांचा विचार करत होते.

तेवढ्यात गायनबाई बोलल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खालच्या पट्टीत आला. "मी तीनदा शर्ट परत आणला होता. तुम्ही तीनदा हसलात."

काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली. "हसले," त्या म्हणाल्या. "आकडा ह्यांचा चुकला. तो कुणाचाही चुकतो, सत्तरच्या पुढे. पण संशय माझा. शर्ट बघून तुम्हाला विचारायचं सोडून मी साहेबांच्या घरी सांगितलं. नाव न घेता सांगितलं म्हणजे काही कमी सांगितलं असं नाही. सात कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच मी सात म्हटलं."

साहेबांच्या बायकोंचे कान लाल झाले. चष्मेवहिनींनी शर्टाचा विषय काढला, मग सोडला, मग गायनबाईंना म्हणाल्या की त्या काही म्हणत नाहीत, आणि ह्या वेळी खरोखरच पुढे काही म्हणाल्या नाहीत. नुसतं विचारलं की मुलीला उद्यापासून कधी पाठवू. गायनबाईंनी गठ्ठा उघडून एकेक कपडा बघितला, सगळे आपलेच आहेत ह्याची खात्री केली, आणि मग म्हणाल्या, नेहमीच्या वेळेला.

सतरा नंबर मात्र बाहेर पडताना कुजबुजल्या, की एवढं स्वतःहून कबूल करते म्हणजे ह्यातही काहीतरी असणार. काकूंनी ते ऐकलं, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नसावं. त्यांनीही तेच म्हटलं असतं.

चष्मेवाल्यांना सत्त्याण्णव दिला. देण्याआधी काकूंनी काकांना समोर बसवून पुन्हा चिमटे मांडायला लावले. दोन, तीन, पाच, सात, सगळे करून झाले, दरवेळी काहीतरी उरलंच. काका अकराकडे वळले तेव्हा काकूंनी हात धरला. दहा ओळी दहाच्या म्हणजे शंभर, आणि आपल्याकडे तर शंभरही नाहीत. अकरापासून पुढच्या आकड्याने भाग गेला असता तर त्याचा जोडीदार दहाच्या आत सापडला नसता का? काका म्हणाले, "ते... हां." अबोला तिथे सुटला.

आणि पैज मी हरले. आमचे पडदे पैसे मोजून धुवावे लागले ते वेगळं. काकूंनी काय मागावं? म्हणाल्या, लाँड्रीत होत्या तेवढ्यांनी ऐकलं, पण ज्यांनी मुली काढल्या त्या सगळ्या कुठे होत्या? माझ्याच्याने जिने चढवत नाहीत. तू साऱ्या गल्लीची नक्कल करतेस, माझीही करतेस, मला ठाऊक नाही असं समजू नकोस. तर आता घरोघरी जा, आणि मी बोलले ते माझ्याच आवाजात सांगून ये. भुवयांसकट.

म्हणून मी दोनपासून एकोणनव्वदपर्यंत प्रत्येक दार वाजवलं, ओठ मिटून भुवया वर केल्या, मग खाली आणल्या, आणि म्हटलं, "आकडा ह्यांचा चुकला, पण संशय माझा." बहुतेक ठिकाणी हसले. काही ठिकाणी विचारलं की हे सांगायला तुला कुणी पाठवलं, आणि का. तेराला अजून कुलूप होतं. सातला गायनबाईंनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या की हसणं बरोबर जमलंय, पण "संशय" म्हणताना काकूंचा आवाज जरा फुटला होता, तो राहिला, पुन्हा म्हण.